मगरीवरील खटला

"हल्लीची मुले वाचीत नाहीत" ही फिर्याद मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. सायंकाळची आरती आटोपून मंडळी देवळाच्या चौकात जरा टेकली, की प्रथम पावसाचा विषय निघावयाचा, मग नारळांच्या दराचा आणि तिसरा हा. आमच्या धंद्यात फिर्याद आली म्हणजे पहिला प्रश्न असा, की वादाचे कारण कोठे व केव्हा उद्भवले? आणि दुसरा असा, की प्रतिवादीस नोटीस पोहोचली काय? या फिर्यादीतील प्रतिवादी त्या वेळी तळीच्या काठावर लपंडाव खेळत असतात; त्यांना कोणी काही विचारीत नाही. फिर्यादींपैकी किती जणांनी सरत्या वर्षात एखादे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, ही उलटतपासणी मी शेजारधर्मास स्मरून आजवर केलेली नाही.

आमच्या गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा देवस्थानाच्या अग्रशाळेला लागूनच आहे. फोंडे महालातील इतर गावांत असते तशीच ती आहे: पहिली ते चौथी असे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षिका, कौलांवर चढलेला वेल आणि पट अवघा तेवीस. पटाचा आकडा हा अशा शाळांच्या बाबतीत नाडीच्या ठोक्यासारखा असतो. तो मंदावला, की "शेजारच्या शाळेत विलीन करणार म्हणे" अशी कुजबूज सुरू होते. आणि पटाअभावी बंद झालेल्या शाळा गोव्यात इतक्या आहेत, की त्या कुजबुजीला कोणी अफवा म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका महाजनांनी शाळेस मोठ्या पडद्याचा दूरदर्शन संच देण्याची इच्छा प्रकट केली. अर्ज, पावती, दानपत्र असले काही लिहावयाचे असले, की देवस्थान समिती माझ्याकडे बोट दाखविते. तशी ती याही वेळी दाखविली गेली आणि मी शाळेत गेलो. थोरल्या बाईंनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, टीव्ही नको असे मी म्हणत नाही. देणाऱ्याचा हात कशाला धरू? पण त्याच्याआधी तुम्हांला एक दाखवायचे आहे."

त्यांनी चौथीतील एका मुलीस बोलाविले. मुलीने पुस्तक उघडले आणि धडा खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता वाचावयास सुरुवात केली. माझ्या तोंडून "वाहवा" निघणार, तोच बाईंनी पुढे होऊन तिच्या हातातील पुस्तकाची दोन पाने अलगद उलटली. मुलगी थांबली नाही. समोर पान दुसरे होते, चित्र दुसरे होते. धडा मात्र तोच, तितक्याच खणखणीत स्वरात चालला होता. मी पानावरील एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "बाय, हा शब्द कोणता?" तिने शब्दाकडे पाहिले नाही. माझ्या तोंडाकडे पाहिले. पढवून आणलेला साक्षीदार अनपेक्षित प्रश्न येताच असाच वकिलाच्या तोंडाकडे पाहतो. ही नजर मी वीस वर्षे ओळखतो. परंतु साक्षीच्या पिंजऱ्यात ती पाहताना कधी पोटात कालवले नव्हते.

ही एका मुलीची गोष्ट नव्हे. 'असर' या नावाने देशभर खेड्यांतून जी पाहणी होते, तिने गेली कित्येक वर्षे हेच दाखविले आहे, की पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील साधा उतारा वाचता येत नाही. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. ज्या परंपरेत घनपाठ्यांना मान आहे, त्या परंपरेतला मी. पण घनपाठी म्हणतो तेव्हा तो म्हणत आहे हे त्याला ठाऊक असते. या मुलीला आपण वाचीत आहो असे वाटत होते, आणि सर्वांत वाईट म्हणजे इतरांनाही तसेच वाटत होते.

"मग वाचावयास तुमच्याकडे आहे काय?" मी विचारले. बाईंनी एक लोखंडी कपाट दाखविले. आत दीड-दोनशे पुस्तके होती, कोरीच्या कोरी. वर्षानुवर्षे सरकारी योजनांतून येत गेलेली, छानदार चित्रांची. कपाटाला कुलूप होते आणि कुलूप का, हे नोंदवहीच्या नावावरूनच कळत होते: 'जडसंग्रह नोंदवही'. खुर्च्या, घंटा, पाण्याचा पिंप यांच्या पंक्तीस पुस्तके बसलेली. पुस्तक हरवले तर जाब द्यावा लागतो, वाचले गेले नाही तर द्यावा लागत नाही. अशा स्थितीत शहाणा मनुष्य कुलूपच लावील. मी बाईंना म्हटले, "हरवलेल्या पुस्तकांची भरपाई देवस्थान करील, असा ठराव मी आणतो." तो ठराव समितीत पाच मिनिटांत मंजूर झाला. मुलांच्या वाचनासाठी गावाने उचललेले ते पहिले पाऊल, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

पहिला उपाय बाईंना सुचला आणि तो आमच्या चालीरीतींतूनच निघाला. गोव्याच्या शाळांतून सरस्वतीपूजन किती हौसेने होते, हे वाचकांस सांगणे नको. मखर, रांगोळी, फुगड्या, मुलींची गाणी, रात्री छोटेखानी नाटुकले. पाटीवर एक-एक असे आकडे मांडून काढलेली ती सरस्वती. आणि तिच्यापुढे पुस्तकांची रास! त्या दिवशी पुस्तकास हात लावावयाचा नाही, हा नियम मुले जितक्या श्रद्धेने पाळतात, तितक्या श्रद्धेने दुसरा कोणताही नियम पाळीत नाहीत. बाईंनी त्या वर्षी कपाटातील सगळी पुस्तके पूजेत मांडली आणि उत्तरपूजा होताच प्रत्येक मुलाच्या ओंजळीत फुलाबरोबर एक पुस्तक ठेवले. "हा प्रसाद. प्रसाद घरी न्यायचा असतो, एकट्याने खायचा नसतो. कोजागिरीला परत आणा." सारांश लिहिण्याची अट नाही, प्रश्नपत्रिका नाही. परत आणताना एवढेच सांगावयाचे, की पुस्तकात हसू कोठे आले, भीती कोठे वाटली किंवा राग कोणाचा आला. तेवीसपैकी एकोणीस पुस्तके परत आली. दोहोंवर हळदकुंकू होते आणि एकावर हुमणाचा स्पष्ट डाग. बाईंनी तो डाग मला कौतुकाने दाखविला. ज्या पुस्तकावर हुमण सांडते ते पुस्तक जेवतानाही सुटलेले नसते.

येथे ग्रंथदिंडीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात, आणि इतरत्रही मराठी मंडळी असतील तेथे शाळांतून दिंड्या निघतात. हेतू उत्तमच. पण मी पाहिलेल्या बहुतेक दिंड्यांत पुस्तके पालखीत बसतात, मुले उन्हात टाळ कुटतात, पाहुणे बोलतात आणि पालखी परतली की पुस्तके आपापल्या कपाटात जाऊन विश्रांती घेतात. देवाची पालखीसुद्धा घरोघरी थांबते, ओटी घेते, सुवासिनींना दर्शन देते. पुस्तकाची पालखी कोठेच का थांबू नये?

पुढच्या उद्योगात मी स्वतः गुंतलो, आणि त्याचे वर्णन जरा विस्ताराने केले तर वाचकांनी धंद्याचा दोष समजून सोडून द्यावे. बाईंनी विचारले होते, "शनिवारी एखादा तास तुम्ही मुलांना गोष्ट सांगाल काय?" गोष्ट सांगणे मला साधत नाही. मी म्हणालो, "गोष्ट तुम्ही निवडा, आपण तिच्यावर खटला चालवू."

पंचतंत्रातील माकड आणि मगर यांची कथा निवडली. नदीकाठच्या जांभळीवर राहणारे माकड मगरीला जांभळे देते. मगरीची बायको त्या माकडाचे काळीज मागते. मगर मित्राला पाठीवर घेऊन निघते. भर पाण्यात खरा बेत उघड होतो. माकड म्हणते, 'अरे, काळीज तर झाडावरच राहिले,' आणि सुटते. लब्धप्रणाश नावाच्या तंत्राची ती मूळ चौकटच आहे. शाळेत पुस्तक एकच होते आणि कथा आठ पानांची. कोर्टाबाहेरील झेरॉक्सवाल्याकडून दहा प्रती काढल्या. एकशे साठ रुपये झाले. साऱ्या खटल्याचा खर्च तो एवढाच. आरोप दोन ठेवले: मगरीवर खुनाच्या प्रयत्नाचा आणि माकडावर, उलट फिर्यादीने, खोटे बोलून फसविल्याचा. तिसरी-चौथीतील मुलांनी वकील व्हावयाचे, पहिली-दुसरीतील मुलांनी साक्षीदार, पट्टेवाला आणि पंच. तयारीस एक आठवडा. न्यायासनावर बाई. कायदा एकच, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला: जे बोलाल त्याचे पान दाखवा.

या एका कायद्यात सारी गोम होती. लेखी दस्तऐवज समोर असताना त्यातील मजकुराविषयी तोंडी पुरावा चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. ते तत्त्व आठ-नऊ वर्षांच्या मुलांस समजावून सांगण्यास मला एक मिनिट पुरले. कारण "तू म्हणतोस म्हणून काय झाले?" हे प्रत्येक मुलाला भांडणात आधीच उमगलेले असते.

खटला अग्रशाळेच्या पडवीत चालला. आरंभीच तिसरीतील एका मुलाने तांत्रिक हरकत घेतली: "मगर ती असते. मग तिला बायको कशी?" हरकत बिनतोड होती. संस्कृतातील मकर पुल्लिंगी, मराठीतील मगर स्त्रीलिंगी, हे सांगून बाईंनी आरोपीस 'तो' म्हणण्याची परवानगी दिली. व्याकरणाचा इतका रंगलेला तास त्या शाळेत पूर्वी झाला नसेल.

मग आरोपीचा वकील उभा राहिला. हा मुलगा वर्गात मागच्या कोपऱ्यात बसणारा. वाचावयास सांगितले की खोकल्याची उबळ येणारा. तो म्हणाला, "मगरीन खरें सांगलें. फट माकडान मारली."

फिर्यादी पक्षाची मुलगी ताडकन उठली, "खंय बरयलां? पान दाखय!"

मुलाने कागद चाळले. पाचवे पान काढले. ओळीखाली बोट ठेवले आणि एक-एक अक्षर जोडीत वाचू लागला. एका ओळीला पुरते मिनिट लागले असेल. एरवी अशा वेळी वर्गात खसखस पिकते. आज सारी पडवी त्याच्या बोटाकडे पाहत होती, कारण त्या ओळीत काय निघते यावर खटल्याचे भवितव्य होते. ओळ निघाली. मगरीने भर पाण्यात माकडाला आपला बेत खरोखरच आपण होऊन सांगितला होता. आरोपीचा पक्ष टाळ्या वाजवू लागला.

पण त्या मुलीने घरी गृहपाठ केला होता. तिने त्याच पानावरील वरची ओळ वाचली: मगरीने मनात विचार केला, की आता पाणी खोल आहे, माकड माझ्या पाठीवरून कोठे जाणार? मग सांगावयास हरकत काय? म्हणजे खरे बोलणे हे प्रामाणिकपणाचे नव्हते. शिकार हातची जात नाही अशी खात्री झाल्यावरचे होते! वीस वर्षांच्या वकिलीत कबुलीजबाबाच्या हेतूविषयी इतका नेमका मुद्दा मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. आणि तो मुद्दा वरच्या ओळीत होता. खालची ओळ वाचून थांबणाऱ्याला तो कधी सापडला नसता.

निकाल लागण्यापूर्वी आणखी एक नवल घडले. एका मुलीच्या थोरल्या भावाने पणजीच्या ग्रंथालयातून जातककथांचे पुस्तक आणले होते. १८३२ साली स्थापन झालेले आणि आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे ते ग्रंथालय आपल्या राज्याचे भूषण आहे. पण आमच्या गावातून तेथे कोणी खास मगरीसाठी गेल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. सुंसुमार जातकात हीच कथा आहे. परंतु तेथे माकड आणि मगर मित्र नाहीत. मगर गंगेपलीकडील फळांची लालूच दाखवून त्याला पाठीवर घेते आणि काळीज लटकते ते उंबरावर. आता विश्वासघाताचा आरोप टिकतो काय? मैत्रीच नव्हती तर विश्वास कसला? मुलांत कडाक्याचा वाद माजला. मूळ दस्तऐवज कोणता, नक्कल कोणती? एका गोष्टीच्या भांडणाने दुसरे पुस्तक उघडावयास लावले, हे मला त्या दिवसाचे खरे हुकूमनामे वाटले. सांखवाळला १८७६ साली जन्मलेले आपले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या जिज्ञासेने घरदार सोडून कोठल्या कोठे गेले, ते बाईंनी मुलांस त्याच ओघात सांगितले; आणि कोसंब्यांचे 'निवेदन' पुढे-मागे वाचावयाचे म्हणून एका मुलाने पाटीवर लिहून ठेवले. पाटीवरचे केव्हाच पुसले गेले असेल, असो.

बाईंनी मगरीस दोषी ठरविले, तिच्या बायकोस अपप्रेरणेबद्दल नोटीस काढली आणि माकडास जीव वाचविण्याच्या हक्काखाली सोडले. शिक्षा म्हणून मगरीने महिनाभर जांभळे खाऊ नयेत.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की वाद कोंकणीत चालला होता आणि कागद मराठीत होते. काहींना हे खटकेल, दोन्ही बाजूंच्या काहींना. मला खटकले नाही. १९६१ पूर्वी आमच्या गोव्याच्या न्यायालयांत साक्षीदार कोंकणीत बोलावयाचा आणि कामकाज पोर्तुगीजमध्ये व्हावयाचे, मध्ये दुभाषी. बिचाऱ्या पक्षकारास आपल्याच जमिनीच्या कागदात काय लिहिले आहे ते कळत नसे. आमच्या मुलांस घरची जीभ कोंकणी आणि देवळातील कीर्तनाची, पोथीची, नाटकाची भाषा मराठी. दोघींत दुभाषी लागत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून मोठ्या माणसांनी जे काय म्हणावयाचे ते म्हणावे. मुलाला रागाने बोलावयाचे असेल तर ते घरच्या भाषेतच बोलेल, आणि रागाने बोलल्यावाचून ते पानात शोधावयास जाणार नाही. कोंकणी गोष्टींची पुस्तकेही आता पेटीत आहेत; ती पेटी कसली ते पुढे सांगतो.

धाकट्या बाईंचा उपाय याहून साधा. लहानपणी चातुर्मासात आमच्या देवळात पुराणिकबुवा पांडवप्रताप लावीत. श्रीधरस्वामींचा तो ग्रंथ १७१२ सालचा. ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, पण उद्या द्रौपदीचे काय होणार या काळजीने त्या रात्रभर तळमळत. कारण बुवा ऐन वेळी पोथी बांधीत. धाकट्या बाई दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटे 'गोट्या' किंवा 'श्यामची आई' मोठ्याने वाचतात आणि ऐन वाक्याच्या मध्यावर थांबतात. पुस्तक मेजावर उघडेच ठेवून त्या हात धुवावयास जातात. परत येण्यास त्यांना बराच वेळ लागतो. तेवढ्यात मेजाभोवती काय होते, याकडे त्यांचे अर्थातच लक्ष नसते.

आता पेटी. माझे आजोळ बडोद्याचे, आणि बडोदेकरांना सयाजीराव महाराजांच्या कामगिरीचा अभिमान किती, हे त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले तरी कळते. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. पण शाळा सोडून शेतावर गेलेली मुले वाचावयास काही नसल्यामुळे अक्षरे विसरतात, हे त्यांच्या नजरेस आले. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बोलाविले. मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबरच फिरती ग्रंथालये निघाली: लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेडोपाडी जात, काही काळ राहून पुढच्या गावी सरकत. गावाने ग्रंथालयासाठी काही रक्कम उभारली, तर प्रांत पंचायत व सरकार त्यात आपापला वाटा घालीत. शंभर वर्षांपूर्वीची ही योजना आज कोणत्याही गावास परवडेल, कारण तिच्यात मुळात एक पेटीच आहे.

अग्रशाळेच्या माळ्यावर देवस्थानाची एक जुनी सागवानी पेटी पडली होती. तिला चाके बसविली. पंचवीस पुस्तके आत. ती महिनाभर एका वाड्यावर एका घराच्या सोप्यात राहते, मग पुढल्या वाड्यावर. किल्ली त्या वाड्यावरील मुलांकडे. वहीत रकाने तीनच: नेले, आणले, फाटले. नवी पुस्तके दोन हजार रुपयांच्या आत झाली. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अजूनही माफक किमतीस मिळतात. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर २०१५ पासून मराठी, कोंकणी आणि इतर अनेक भाषांतील चित्रकथा आहेत. त्या छापून वाटण्यास त्यांची परवानगी असते. माझ्या कचेरीतील छपाईयंत्र दाव्याचे कागद छापून कंटाळले होते. रविवारी ते हत्तींच्या आणि बेडकांच्या गोष्टी छापते. पेटी गेली त्या सोप्यावर एक गोष्ट आपोआप झाली, जी आम्ही योजिली नव्हती: घरच्या आज्या पुस्तके उचलू लागल्या. मुलांना राग येतो, कारण आजी लवकर परत करीत नाही.

अक्षरांची हुडकणी हा खेळ तर पूर्णपणे फुकट. मुलांना गावात सोडावयाचे आणि सांगावयाचे, की कोठे कोठे काय लिहिले आहे ते टिपून आणा. कदंब बसची पाटी, औषधाच्या दुकानाचा फलक, जत्रेतील नाटकाचे हस्तपत्रक, देवळातील संगमरवरी फरशांवरील देणगीदारांची नावे. एका मुलाला फरशीवर त्याच्या पणजोबांचे नाव सापडले. त्या फरशीवरून तो रोज धावत जात असे.

नाटकाविषयी लिहू लागलो तर लेख संपावयाचा नाही. जत्रेला मराठी नाटक नसलेले गाव आमच्या भागात विरळा. पोशाख, पडदे, रंगभूषा यांचा खर्च गावाला पेलतो, शाळेला पेलत नाही. म्हणून शाळेत नाट्यवाचन करतात. हातात संहिता, अंगावर गणवेश. पण सर्वांत चुरस कशासाठी असते ठाऊक आहे? प्रॉम्प्टरच्या जागेसाठी. ज्याला प्रत्येकाचे प्रत्येक वाक्य वाचावे लागते, ज्याच्या हातात सर्वांची अब्रू असते, तो प्रॉम्प्टर. बाईंनी ही जागा दर वेळी वाचनात मागे असलेल्या मुलास देण्याचा नियम केला, तेव्हा हुशार मुलांनी तक्रार केली. बाईंनी ती फेटाळली.

आक्षेप आले, येणारच. टीव्ही देणाऱ्या महाजनांनी समितीत विचारले, "या खेळांनी मुलांचे गुण वाढले काय?" प्रामाणिक उत्तर असे, की फारसे वाढलेले नाहीत. पटही वाढला नाही. उलट एक मुलगा इंग्रजी शाळेत गेला आणि पट बावीस झाला. टीव्ही आला आहे, भिंतीवर आहे, आणि बाई त्याचा उपयोग 'किशोर'चे जुने अंक मोठ्या अक्षरांत दाखविण्यासाठी करतात. दोन मुले अजूनही अक्षरे जोडूनच वाचतात. जादू झालेली नाही.

मात्र एक तक्रार अशी आली, जी मी टिपून ठेवली आहे. पहिल्या दिवशी ज्या मुलीने पान उलटले तरी धडा खणखणीत म्हटला, तिचे वडील मला देवळात भेटले आणि चिंतेने म्हणाले, "वकीलबाब, पयलीं ती फडाफड वाचताली. आतां अडखळटा. कितें जालें तिका?" मी त्यांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगी पेटीतले एक पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक नवे होते, तिला कोणी शिकविलेले नव्हते. ती अडखळत होती, थांबत होती, मागे जाऊन पुन्हा वाचीत होती, आणि एका जागी वाक्य संपण्याच्या आधीच हसली. वडिलांनी विचारले, "हांसलें कित्याक?" तिने मान वर केली नाही, बोटाने ओळ दाखविली आणि पुढे वाचू लागली.

मगरीच्या खटल्याचे काम मात्र अजून संपलेले नाही. आरोपीच्या वकिलाने, त्या खोकल्याच्या उबळीच्या मुलाने, निकालाविरुद्ध अपील केले आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेला अर्ज बाईंनी माझ्याकडे पाठविला. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोळा आहेत आणि मुद्दा एक: माकडाने आपणास काळीज झाडावर ठेवता येते असे सांगितले, ते मगरीने खरे मानले, तर इतक्या अडाणी आरोपीस शिक्षा करता येते काय? खाली पान नंबर सहा, ओळ चौथी, असा हवाला दिला आहे. मुदतीचा प्रश्न होता; तो मी काढला नाही. अपील दाखल करून घेतले आहे. सुनावणी चवथीच्या सुटीनंतर, शनिवारी, अग्रशाळेच्या पडवीत ठेवली आहे, आणि फिर्यादी पक्षाने जातककथांचे पुस्तक पुन्हा मागविले आहे.